‘टेन-इयर्स-ओल्ड बॉय’ लिहू नका: वय सांगणाऱ्या जोडविशेषणातल्या चुका टाळा

जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या मराठी माध्यमाच्या मुलांच्या वह्यांत एक वाक्य हमखास सापडतं: ‘राहुल इज अ टेन-इयर्स-ओल्ड बॉय’. याचं मूळ आपल्या मराठीत आहे. आपण ‘दहा वर्षांचा मुलगा’ म्हणतो आणि त्या ‘वर्षांचा’मधलं अनेकवचन जसंच्या तसं इंग्रजीत उतरतं. पण नामाच्या आधी हे विशेषण आलं की ‘इयर’ला एस लागत नाही: ‘अ टेन-इयर-ओल्ड बॉय’. क्रियापदानंतर मात्र एस लागतो आणि जोडरेघा जातात: ‘राहुल इज टेन इयर्स ओल्ड’. मुलांकडून ही दोन वाक्यं एकाखाली एक लिहून घ्या. नुसता नियम सांगून फरक डोक्यात बसत नाही.

खरं तर ही रीत आपल्याला परकी नाही. ‘दोनमजली घर’, ‘पाचफुटी भिंत’ म्हणताना आपण तरी ‘मजल्यांची’, ‘फुटांची’ कुठे म्हणतो? इंग्रजीत हेच सरसकट चालतं, म्हणून ‘अ फिफ्टी-किलो बॅग’, ‘अ टू-एकर फील्ड’.

जोडरेघ शोभेची आहे, असा समज फार पसरलाय. तो काढून टाका, कारण ती अर्थच बदलते. यावलच्या शेतकऱ्याने लिंबाच्या बागेबद्दल ‘ट्वेंटी-इयर-ओल्ड ट्रीज’ लिहिलं, तर झाडं वीस वर्षांची. पहिली रेघ गाळून ‘ट्वेंटी इयर-ओल्ड ट्रीज’ लिहिलं, तर झाडं वीस आणि प्रत्येकाचं वय एकच वर्ष! दोन्ही वाक्यं शुद्ध आहेत, म्हणून ही चूक तपासणाऱ्याच्याही नजरेतून सुटते.

‘अ’ की ‘अ‍ॅन’ हे आकड्याच्या उच्चारावर ठरतं. अमळनेरचं प्रताप कॉलेज १९४५ सालचं, म्हणजे २०२५ मध्ये ते ‘अ‍ॅन एटी-इयर-ओल्ड कॉलेज’ झालं. आठ, अकरा, अठरा आणि ऐंशी ते एकोणनव्वद यांच्याआधी ‘अ‍ॅन’च येतो.

‘दहा वर्षांची मुलं’ एवढंच म्हणायचं असेल तर एस शेवटी जातो: ‘टेन-इयर-ओल्ड्स’.

रजेच्या अर्जातलं ‘टू डेज लीव्ह’ मात्र वेगळं प्रकरण आहे. तिथे एस राहतो, त्याच्यानंतर वर अ‍ॅपॉस्ट्रॉफी येतो, जोडरेघ नसते आणि आधी ‘अ’ही लावायचा नाही.