महिन्याच्या वाणसामानावरून घरच्या आहार-व्यायामाचा हिशेब कसा मांडावा

पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (2019-21) देशातील 15 ते 49 वयोगटातील 57 टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला आणि त्याच वयोगटातील 24 टक्के स्त्रियांचे वजन प्रमाणापेक्षा जास्त निघाले. म्हणजे पोट भरते आहे, पण अंगी लागायला हवे ते लागत नाही. हालचालीचे चित्रही तसेच आहे : पुरेशी हालचाल न करणाऱ्या भारतीय प्रौढांचे प्रमाण 2000 मध्ये सुमारे 22 टक्के होते, ते 2022 मध्ये जवळजवळ 50 टक्क्यांवर गेले. या आकड्यांत आपले घर कुठे बसते, हे सोलापुरातील कोणत्याही कुटुंबाला महिन्याभरात स्वतः तपासता येते.

त्यासाठी ताटापासून नव्हे, वाणसामानापासून सुरुवात करावी. काल काय खाल्ले हे आठवून सांगताना माणूस नकळत भाजी वाढवतो आणि भजी विसरतो. किराण्याचे बिल असे काही विसरत नाही. महिन्याच्या 1 तारखेला घरातील धान्य, डाळी, तेल आणि मीठ मोजून लिहून ठेवावे, पुढची प्रत्येक खरेदी त्यात मिळवावी, दुधाचा रतीब आणि मंडईतील भाजी भिंतीवरच्या कॅलेंडरवर टिपावी. बाहेरून आणलेले फरसाण, बिस्किटे आणि वडापावही त्याच पानावर यायला हवेत, नाहीतर हिशेबाला अर्थ राहत नाही.

ताळा पाहण्यासाठी हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 मध्ये प्रसिद्ध केलेली मार्गदर्शक तत्त्वे वापरावीत. 2000 कॅलरींच्या दिवसासाठी त्यांत माणशी 250 ग्रॅम धान्य, 85 ग्रॅम डाळी-कडधान्ये, 400 ग्रॅम भाज्या, 100 ग्रॅम फळे, 300 मिलिलिटर दूध किंवा दही, 35 ग्रॅम दाणे व तेलबिया आणि 27 ग्रॅम तेल असे प्रमाण दिले आहे. चार प्रौढांच्या घरात याचा अर्थ महिन्याला सुमारे 30 किलो धान्य, 10 किलो डाळी आणि आठवड्याला 11 किलो भाजी असा होतो. लहान मुलांचा वाटा वयानुसार कमी आणि अंगमेहनत करणाऱ्यांचा जास्त धरावा.

धान्याच्या बाबतीत सोलापूरकरांना फारसे दूर जावे लागत नाही. मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन आहे आणि रब्बी ज्वारीचे संशोधन केंद्रही सोलापूर शहरातच आहे. 100 ग्रॅम ज्वारीत सुमारे 10 ग्रॅम तंतुमय पदार्थ असतात, पॉलिश केलेल्या तांदळात जेमतेम 3. रेशनवर प्राधान्य कुटुंबाला माणशी महिना 5 किलो धान्य मिळते आणि वरच्या प्रमाणाने गरज साडेसात किलोंची आहे. उरलेले अडीच किलो ज्वारीने भरून काढावेत. शहराच्या पूर्व भागात जिथे दोन्ही वेळा भातच शिजतो, तिथे एका वेळेपुरती भाकरी आणणे हा या लेखातील सर्वांत स्वस्त बदल ठरेल.

कडक भाकरी आणि शेंगाचटणीकडे मात्र जरा बारकाईने पाहावे. कडक भाकरी महिनाभर टिकते, तिला तेल लागत नाही. तिच्याबद्दल तक्रार नाही. शेंगाचटणीचे दाणे उखळात तेल सुटेपर्यंत कुटलेले असतात आणि 100 ग्रॅम दाण्यांत सुमारे 40 ग्रॅम स्निग्ध पदार्थ असतात, त्यामुळे 35 ग्रॅमच्या वाट्यात ती उत्तम बसते. पण तिच्यावर पुन्हा कच्च्या तेलाची धार सोडण्याची सवय मोडावी. खरी उणीव पुढे आहे : भाकरी-चटणी इतकी रुचकर लागते की भाजीवाचून जेवण होऊन जाते. चटणीच्या घासाबरोबर कांदा, काकडी, मुळा, कोवळी मेथी कच्ची खाण्याची आपल्याकडची जुनी रीत रोज पाळावी आणि अंबाडी, चुका, शेपू, तांदुळजा यांपैकी एक पालेभाजी दिवसाआड शिजवावी. बटाटा भाजीच्या हिशेबात धरू नये.

तेल आणि मीठ तपासणे सर्वांत सोपे आहे. 5 लिटरच्या डब्यावर तो फोडल्याची तारीख पेनाने लिहावी. चार माणसांत तो सहा आठवडे पुरायला हवा. मिठाची 1 किलोची पिशवी 50 दिवस चालावी, कारण मर्यादा माणशी दिवसाला 5 ग्रॅमची आहे आणि लोणचे, पापड, फरसाण यांतले मीठही याच मर्यादेत येते. म्हणून पिशवी 50 दिवस पुरली, तरी विकतचे खारे पदार्थ घरात येत असतील तर समाधान मानू नये.

हालचालीचा हिशेब आठवड्याचा असावा. जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आठवड्याला किमान 150 मिनिटे मध्यम हालचाल आणि दोन दिवस स्नायूंना जोर देणारे व्यायाम अशी आहे. यात काम, ये-जा आणि मोकळा वेळ हे तिन्ही धरतात. नळाला पाणी येते त्या दिवशी वरच्या मजल्यावर नेलेल्या बादल्या त्यात मोजाव्यात, घाम येईल असे यंत्रमागावरचे कामही मोजावे. परंतु सूप मांडीवर घेऊन तासन्‌तास विड्या वळणाऱ्या बाईचे हात कितीही थकले, तरी ते बसणेच असते, आणि तिच्यासाठी घरच्यांनी दिवसातील अर्धा तास मोकळा करून देणे अत्यावश्यक आहे, तिला केवळ उपदेश करून भागणार नाही. चालण्याची गती बोलता येईल पण गाता येणार नाही इतकी ठेवावी. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा कंबर तलावाच्या काठावरची फेरी ऊन चढण्यापूर्वी आटोपावी. जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेमुळे होम मैदान भरलेले असते, तेव्हा तिथे चालणाऱ्यांनी दुसरी जागा आधीच ठरवावी. महिनाभर मोडलेली सवय पुन्हा लागायला वेळ लागतो.

महिना संपल्यावर शिंप्याच्या टेपने प्रत्येकाची कंबर मोजावी. भारतीय पुरुषांसाठी 90 आणि स्त्रियांसाठी 80 सेंटिमीटर ही मर्यादा मानतात. ती ओलांडली असो वा नसो, घरातील तिशीच्या पुढच्या प्रत्येकाने जवळच्या सरकारी आरोग्य केंद्रात रक्तदाब आणि साखर मोफत तपासून घ्यावी, व आलेले आकडे वाणसामानाच्या त्याच वहीत पुढच्या पानावर लिहावेत.