ग्रिन्यार अभिकर्मक: सुरू होत नाही तेव्हा काय करायचं

सेंद्रिय-धातू संयुगांवर संशोधन करणाऱ्याच्या हातून पहिल्या काही महिन्यांतच ग्रिन्यार अभिकर्मक, म्हणजे मॅग्नेशियम आणि सेंद्रिय हॅलाइड (क्लोरीन, ब्रोमीन किंवा आयोडीन असलेलं संयुग) यांपासून ईथरमध्ये बनणारं संयुग (लॅबमध्ये सगळे ‘ग्रिगनार्ड’च म्हणतात), करून घेतात, आणि ते योग्यच आहे. ओलावा सांभाळण्याची शिस्त याच्याइतकी दुसरं काही शिकवत नाही. फ्रान्समधल्या ल्योंमध्ये रसायनशास्त्रज्ञ फिलिप बार्बिये धातू, हॅलाइड आणि ज्याच्याशी अभिकर्मक जोडायचा तो कीटोन एकत्रच टाकत असत. त्यांचे विद्यार्थी व्हिक्टर ग्रिन्यार यांनी १९०० मध्ये आधी ईथरमध्ये मॅग्नेशियमचं संयुग तयार केलं आणि कीटोन नंतर घातला. १९१२ चं नोबेल मिळवून देणारं काम ते हेच. म्हणून दोन टप्पे कधीही एकत्र करू नका.

इथे ब्रोमोबेंझीनपासून अभिकर्मक करून, त्यात बेंझोफिनोन हा कीटोन घालून ट्रायफिनाइलमेथॅनॉल बनवायचं आहे. प्रमाण ५० मिलीमोलचं धरू: मॅग्नेशियम टर्निंग्ज (धातूचे कीस) १.३४ ग्रॅम (१.१ पट), ब्रोमोबेंझीन ५.३ मिली, कोरडा डायइथाइल ईथर एकूण ४० मिली. पाण्याचा हिशेब आधीच मनात पक्का करा. अर्धा मिली पाणी म्हणजे सुमारे २८ मिलीमोल. तेवढ्यात निम्म्याहून जास्त अभिकर्मक बेंझीन होऊन जातो. तीन तोंडांचा २५० मिलीचा फ्लास्क, कंडेन्सर आणि अ‍ॅडिशन फनेल रात्रभर १२० अंशांच्या ओव्हनमध्ये ठेवा, गरम असतानाच जोडा आणि नायट्रोजनखाली थंड होऊ द्या. पावसाळ्यात कोकणात किंवा पुण्यात गरम काच उघड्यावर थंड केली, तर ओव्हनचा सगळा फायदा गेला.

फ्लास्कमध्ये मॅग्नेशियम, १० मिली ईथर आणि आयोडीनचा एकच छोटा खडा घाला. ब्रोमोबेंझीन उरलेल्या ३० मिली ईथरमध्ये मिसळून फनेलमध्ये भरा आणि त्यातलं फक्त ३-४ मिली सोडा. आता थांबा. आयोडीनचा रंग उडतो, द्रव गढूळ होतो, टर्निंग्जवरून बुडबुडे येतात आणि ईथर आपोआप उकळू लागतं. ही खूण दिसेपर्यंत एक थेंबही पुढे नाही. बहुतेक अपघात इथेच होतात: सुरू होत नाही म्हणून माणूस आणखी हॅलाइड ओततो, मग मॅग्नेशियमवरचा ऑक्साइडचा थर फुटतो आणि साठलेलं सगळं एकदम पेटल्यासारखं उकळतं. त्याऐवजी कोरड्या काचकांडीने दोन-चार टर्निंग्ज फ्लास्कमध्येच चिरडा. तरीही नाही झालं तर १,२-डायब्रोमोइथेनचे ३-४ थेंब टाका. बर्फाचं भांडं हाताशी हवंच.

एकदा सुरू झालं की साधारण सेकंदाला एक थेंब. घाई केली तर न वापरलेलं ब्रोमोबेंझीन तयार अभिकर्मकाशी जुळून बायफिनाइल वाढतं. नंतर अर्धा तास रिफ्लक्स, म्हणजे कंडेन्सरखाली उकळत ठेवणं.

ईथर ३४.६ अंशांना उकळतं. विदर्भात मे महिन्यात ते बाटलीतच उकळायला लागतं आणि टाकीचं कोमट पाणी कंडेन्सरला पुरत नाही. बर्फाच्या बादलीत छोटा पंप सोडून ते पाणी फिरवा, किंवा टीएचएफ (टेट्राहायड्रोफ्युरान, जास्त तापमानाला उकळणारा द्रावक) वापरा. जवळपास ज्योत नको. वाफ जड असते, ओट्यावरून सरपटत जाते. मॅग्नेशियमला आग लागली तर कोरडी वाळू टाका. पाणी किंवा कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर अजिबात नाही.

पुढे जाण्याआधी टायट्रेशन करा, म्हणजे अभिकर्मक खरोखर किती तयार झालाय ते मोजा. बरेच जण टाळतात, मग यील्ड (मिळालेलं उत्पादन) का पडली ते कळत नाही. १५६ मिग्रॅ मेन्थॉल (१ मिलीमोल) आणि चिमूटभर १,१०-फिनॅन्थ्रोलिन ३ मिली कोरड्या टीएचएफमध्ये घ्या, ० अंशांवर अभिकर्मक थेंबथेंब सोडा. जांभळट रंग टिकला की वाचन घ्या. १.१ मिली लागले तर तीव्रता ०.९१ मोलर, ४४ मिली द्रावणात ४० मिलीमोल.

त्या हिशेबाने ३६ मिलीमोल, म्हणजे ६.६ ग्रॅम बेंझोफिनोन कोरड्या ईथरमध्ये विरघळवून थंड फ्लास्कमध्ये हळूहळू घाला. लालसर छटा येईल, मग घट्ट साका बसेल. तो अमोनियम क्लोराइडच्या संपृक्त द्रावणाने, बर्फात ठेवूनच, फोडा. उरलेलं मॅग्नेशियम असेल तर हायड्रोजन सुटतो. ईथरचा थर वेगळा करा, वाळवा, मग ईथर उडवा. मिळालेला घन पदार्थ थंड पेट्रोलियम ईथरने धुतला की बायफिनाइल निघून जातं. शुद्ध ट्रायफिनाइलमेथॅनॉल १६२ ते १६४ अंशांना वितळतं. त्याच्या बरंच खाली वितळू लागलं तर आणखी एकदा धुवा.