गुंतवणुकीसाठी पहिली जागा घेताय? या चुका टाळा

जागा घेऊन पस्तावलेल्या माणसांनी जागा नीट पाहिलेली असते, हिशेब मात्र अर्धाच केलेला असतो. उजेड, वारा, शेजार, पार्किंग सगळं तपासून होतं आणि मग "भाडं येत राहील, भाव वाढत राहील" या एका वाक्यावर टोकन, म्हणजे सौदा पक्का करायची आगाऊ रक्कम, दिलं जातं.

भाडं सगळं हाती येत नाही

समजा, जागेची किंमत 100 आणि वर्षाचं भाडं 4. एजंट सांगेल, 4 टक्के परतावा. पण वर्षातला एक महिना जागा रिकामी राहिली आणि एका महिन्याचं भाडं दलालीत गेलं, तर उरले 3.33. देखभाल खर्च, मालमत्ता कर, विमा, रंगकाम, गळती यांतून 2.5 उरले तरी पुष्कळ. शिवाय जागा 100 ला पडतच नाही. सरकारी शुल्क, नोंदणी, वकील, जुजबी सामान धरून ती 108 ला पडली, तर खरा परतावा 2.3 टक्के.

आता कर्ज. 80 चं कर्ज 9 टक्क्यांनी 20 वर्षांसाठी घेतलं, तर वर्षाचे हप्ते सुमारे 8.6 होतात. भाड्याचे 2.5 वजा केले, तरी दरवर्षी 6 खिशातून जाणार. "हप्ता भाड्यातूनच सुटेल" असं कुणी म्हणालं, तर त्याला हे गणित तुमच्या आकड्यांनी मांडून दाखवायला सांगा. जागा घेऊच नका, असं माझं म्हणणं नाही. हे 6 तुम्ही किती वर्षं सोसू शकता, ते टोकन देण्याआधी ठरलेलं असावं.

व्याजदर बदलता असेल, तर आणखी एक आकडा काढून ठेवा. दर 9 चा 10 झाला आणि हप्ता तेवढाच राहिला, तर 240 महिन्यांचं कर्ज जवळपास 314 महिन्यांवर जातं. एका टक्क्याने सहा वर्षं वाढतात! हप्ता तोच दिसतो, म्हणून हे कित्येकांच्या ध्यानातही येत नाही.

"दुप्पट झाली" ऐकून हुरळणं

किती वर्षांत, हे आधी विचारा. 12 वर्षांत दुप्पट म्हणजे वर्षाला साधारण 6 टक्के, तेही खर्च न धरता. आणि भाव घसरतातही. तुमचे 20 आणि बँकेचे 80 असताना किंमत 10 टक्क्यांनी उतरली, तर तुमच्या पैशांतले निम्मे गेले. कर्ज मात्र तेवढंच राहतं.

कागद दुसऱ्याच्या वकिलाकडून तपासून घेणं

विकणाऱ्याने सुचवलेला वकील नको. मालकी कुणाकडून कुणाकडे आली, जागेवर बोजा, म्हणजे कुणाचं कर्ज किंवा दावा, आहे का, बांधकामाला मंजुरी आहे का, ताबा कुणाकडे आहे, हे तुमच्या वकिलाने पाहायचं. त्याची फी वाचवणारे मला समजतच नाहीत. एवढ्या मोठ्या व्यवहारात ती सगळ्यात लहान रक्कम असते. क्षेत्रफळ विचारताना भिंतींच्या आतलं, वापरता येणारं किती, तेच विचारा आणि टेप घेऊन स्वतः मोजा.

चूक होऊन गेली असेल तर

जागा रिकामी पडली असेल, तर भाड्यावर अडून बसू नका. रिकाम्या एका महिन्यात वर्षाच्या भाड्यातले 8.33 टक्के जातात. 5 टक्के कमी भाड्यात चांगला भाडेकरू महिनाभर आधी मिळत असेल, तर त्या वर्षी तुम्ही फायद्यातच राहता.

हप्ता जड जात असेल, तर तो थकण्याआधी बँकेत जा. मुदत वाढवून मिळते का, दर कमी होतो का, दुसरी बँक तुमचं कर्ज स्वतःकडे घेते का, हे सगळं विचारता येतं. एकदा हप्ते थकले की यातली बरीच दारं बंद होतात. हाताशी किमान सहा हप्त्यांची रक्कम ठेवा आणि ती दुसऱ्या जागेच्या टोकनला वापरू नका.

आणि विकायचंच ठरलं, तर लवकर ठरवा. जागेची एक खोली विकून नड भागवता येत नाही. गिऱ्हाईक, त्याचं कर्ज, कागदपत्रं यांत महिने जातात, आणि तेवढे महिने तुमचा हप्ता चालूच असतो.