बेटाची राखण: पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

कोकणातल्या बेटावर किंवा समुद्रातल्या किल्ल्यावर राहून साफसफाई आणि देखरेख करायला जाणार असाल, तर तारीख ठरवताना रविवार बघू नका, तिथी बघा. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन. म्हणजे पहाटे तीनला आणि दुपारी साडेतीनच्या आत पूर्ण भरती, तर मधली पूर्ण ओहोटी सव्वासहा तासांनी, सकाळी सव्वानऊच्या सुमारास. वद्य पक्षात पुन्हा एकपासून मोजायचं. हिशेब अर्धा तास मागेपुढे होतो, म्हणून भरती-ओहोटीचं छापील कोष्टक जवळ हवंच. पण मोबाइल बंद पडला की पाऊणपटच कामाला येते.

यावरून कामाचे दिवसही ठरतात. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, म्हणजे पाणी चढतं जास्त आणि उतरतंही जास्त. प्रतिपदा ते चतुर्थी ओहोटी सकाळी सात ते सव्वानऊच्या दरम्यान येते, म्हणजे ऊन तापायच्या आत खडपं, किनाऱ्यावरचे खडक, उघडी पडतात. किनारा साफ करायला यापेक्षा चांगले दिवस नाहीत. अष्टमीच्या पुढेमागे भांग, म्हणजे कमजोर भरती-ओहोटी, तेव्हा पाणी पुरतं उतरतच नाही. अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात ओहोटीला चालत जाता येतं खरं, पण भांगात तो बेत करू नये. निघायचं ते पूर्ण ओहोटीच्या तासभर आधी आणि पाणी फिरल्यावर तासाभरात परतायचं. माणसं अडकतात ती बेसावधपणामुळे. भरती समोरून चालून येत नाही, आधी बाजूचे खोलगट भाग भरतात आणि मागे वळून पाहावं तर वाट गेलेली असते.

होडीने जाणार असाल तर सकाळीच निघा. दुपारी खारा वारा सुटला की लाटा उठतात आणि खडकाला होडी लावणं तांडेलालाही, म्हणजे होडी चालवणाऱ्या प्रमुखालाही, जड जातं. उडी तो सांगेल तेव्हाच मारायची, लाटेने होडी वर उचलली की, आणि हात रिकामे ठेवून. सामान मागून.

पाण्याचा हिशेब कागदावर करा. पिण्याला आणि रांधायला माणशी रोज पाच लिटर, शिवाय दोन दिवसांची शिल्लक, कारण वारा फिरला तर होडी येत नाही. सहा माणसं चार दिवस राहणार असतील तर सहा दिवसांचे 180 लिटर, म्हणजे वीस लिटरचे नऊ कॅन. अंघोळीची चैन विसरा. काही बेटांवर गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत. सिंधुदुर्ग किल्ल्यातल्या दूधबाव, साखरबाव, दहीबाव सर्वांना ठाऊक असतात. पावसाचं पाणी जमिनीत मुरून खाऱ्या पाण्यावर तरंगतं, तेच विहिरीत येतं. म्हणून चैत्र-वैशाखात एकदम फार उपसा केला की खालचं खारं वर येतं. थोडं काढा, थांबा, पुन्हा काढा. विहिरीत ब्लीचिंग पावडर टाकायची तर हजार लिटरला अडीच ग्रॅम आणि नंतर निदान तासभर थांबायचं. पावडर जुनी, दमट झालेली असेल तर उपयोग नाही.

शिध्यात तांदूळ, कुळथाची पिठी, कोकम, सुकट, कांदे-बटाटे. पिठी-भात वीस मिनिटांत होतो आणि गॅस वाचतो. सगळं झाकणाच्या स्टीलच्या डब्यांत, पिशवीत काहीही नको. बेटावरचे उंदीर प्लॅस्टिकला जुमानत नाहीत. शौचासाठी जांभ्याच्या कातळात खड्डा खणत बसू नका. झाकणाची बादली, दर वेळी वर दोन मुठी राख किंवा भाताचं तूस, आणि परतताना बादली बरोबर. नाक मुरडणाऱ्याला आधीच घरी ठेवलेलं बरं.

आता खरं काम. कचऱ्यात थर्माकोल, बाटल्या आणि जाळ्यांचे तुकडे जास्त. खडपात अडकलेलं जाळं ओढू नका, कापा. ओढलं की कालवांच्या धारेने हात फाटतो. जाड तळव्याचे बूट आणि हातमोजे घाला, चपला नकोत. जखम झाली तर आधी गोड्या पाण्याने आणि साबणाने धुवा, आत शिंपल्याचा कण राहिला की ती चिघळते. पाकटाचा, म्हणजे शेपटीला विषारी काटा असलेल्या चपट्या माशाचा, काटा लागला तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात पाय अर्धा ते दीड तास बुडवून ठेवा, पण काटा खोल रुतला असेल तर तो न काढता दवाखाना गाठा. जाळ्यात कासव सापडलं तर जाळं कापा, पर (वल्ह्यासारखे पाय) धरून उचलू नका, ओलं फडकं पाठीवर टाका, नाकपुड्या मोकळ्या ठेवा आणि वन विभागाला 1926 वर कळवा. थकलेलं कासव लगेच समुद्रात सोडणं म्हणजे त्याला बुडवणं. समुद्रात अडचण आली तर तटरक्षक दलाचा क्रमांक 1554.

तटबंदीच्या सांध्यांत वड-पिंपळ दिसले की हात शिवशिवतात. उपटू नका. मूळ ओढलं की चिरा सुटतो आणि पुढच्या पावसात त्यामागची भर वाहून जाते. तुमचं काम फोटो काढायचं आणि जागा लिहून ठेवायची. मुळांचा बंदोबस्त पुरातत्त्वाचे जाणकार करतील. परवानगीचं पत्रही आधीच मिळवा, नाहीतर रात्री राहता येणार नाही. सुवर्णदुर्ग, सिंधुदुर्ग केंद्राच्या पुरातत्त्व खात्याकडे, खांदेरी राज्याकडे. अर्ज चुकीच्या दारात पडला की महिना जातो. 11 जुलै 2025ला हे तिन्ही किल्ले जागतिक वारसा यादीत गेले, तेव्हा आता कागद जास्तच काटेकोरपणे पाहिले जाणार. मालवणला 1987 पासून सागरी अभयारण्य आहे, तिथून पोवळं उचलणं तर गुन्हाच.

खाऱ्या हवेने मोबाइलचं चार्जिंगचं भोक गंजतं, म्हणून त्याला रबरी टोपण लावा. सौरपटल रोज सकाळी ओल्या फडक्याने, गोड्या पाण्यानेच पुसा; मिठाचा थर बसला की चार्जिंग मंदावतं.

हंगाम दसऱ्यानंतर ते मेच्या मध्यापर्यंत. मेअखेर दर्या खवळू लागतो आणि 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असल्याने मदतीला होडी मिळत नाही. निघताना सगळे डबे रिकामे करून उपडे ठेवा, उरलेला तांदूळ परत न्या, आणि कचऱ्याची पोती पहिल्याच फेरीत चढवा. शेवटच्या फेरीत तांडेल पोत्यांकडे बघून मान हलवतो आणि मग ती पुढच्या उधाणापर्यंत तिथेच कुजत बसतात.