हेडफोनचा आवाज कमी येतोय? बूस्टर टाकायच्या आधी हे करून बघा

कंप्युटरचा व्हॉल्यूम शंभरवर, व्हिडिओचा पण फुल्ल, आणि तरी समोरचा काय बोलतोय ते नीट कळत नाही, असं झालं की बहुतेक जण सरळ एखादा व्हॉल्यूम बूस्टर, म्हणजे आवाज शंभरच्या वर नेणारा प्रोग्रॅम, शोधतात आणि टाकून मोकळे होतात. ते अगदी शेवटी करायचं काम आहे. बऱ्याचदा आवाज मुळात कमी नसतोच, तो मध्ये कुठंतरी अडलेला असतो, नाहीतर बाहेरचा गोंगाटच इतका असतो की त्याच्यावर ताण करायला आपण व्हॉल्यूम वाढवत बसतो.

म्हणून आधी खिडकी. हसू नका. पुण्यात कर्वे रोडच्या बाजूला टेबल असेल तर दिवसभर हॉर्न, आणि गणपतीच्या आधी नदीपात्राजवळ राहणाऱ्यांना संध्याकाळी ढोलपथकांची प्रॅक्टिस, यात साधा इयरफोन काय टिकणार. खिडकी लावा, टेबल आतल्या भिंतीकडे घ्या, पंखा एक नंबर कमी करा. कानात घालायचे इयरफोन असतील तर बॉक्समधल्या लहान-मोठ्या रबरी टिप्स काढा आणि घट्ट बसेल ती लावा, कारण टिप सैल असली की सगळ्यात आधी बेस जातो आणि आवाज एकदम पातळ लागतो. मोठे हेडफोन घेणार असाल तर मागून बंद असलेले घ्या, जाळीवाले उघडे हेडफोन पुण्याच्या रस्त्याकडेच्या फ्लॅटमध्ये माझ्या मते फुकट आहेत.

एवढा आग्रह का, तर कानाचा हिशोब वेगळा चालतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबाने मोठ्या माणसाला ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तास चालतो, ९० ला मात्र फक्त ४ तास. म्हणजे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. लहान मुलांसाठी तर ८० च्या जागी ७५ च धरायचे. हे आकडे लक्षात ठेवा, खाली लागतील.

आता वायर आणि जॅक. पिन पूर्ण आत गेली का बघा, शेवटी हलकं टक्क व्हायला पाहिजे. गाण्यातलं म्युझिक ऐकू येतंय पण गाणारा लांब विहिरीतून बोलल्यासारखा वाटतोय, असं असेल तर ते जवळपास नक्की पिनचं लफडं आहे, अर्थिंगचा टच नीट होत नाहीये. माइकवाल्या इयरफोनच्या पिनला तीन काळ्या रेघा असतात आणि जुन्या डेस्कटॉपच्या हिरव्या जॅकमध्ये ती कधीकधी बरोबर बसत नाही. थोडी बाहेर ओढून आवाज सुधारतो का बघा, सुधारला तर दोन फाटे असलेला स्प्लिटर मिळतो तो आणा. कॅबिनेटच्या पुढच्या जॅकमध्ये धूळ बसते, कंप्युटर बंद करून लाकडी टूथपिकने हळूच काढा, सेफ्टी पिन घालू नका.

एकाच कानात कमी येत असेल तर हेडफोन उलटा घाला, डावा उजवीकडे. कमी आवाजाची बाजू हेडफोनबरोबर सरकली तर दोष हेडफोनचा, वायरचा किंवा सेटिंगमधल्या बॅलन्सचा. त्याच कानात राहिली तर दोष कानाचा, बहुतेक वेळा मळ. तो काडीने कोरू नका, आणखी आत जातो. कानाच्या डॉक्टरांना दाखवा, ससून हॉस्पिटलला पण ओपीडी आहे. हेडफोन काढल्यावर कानात शिट्टी वाजत राहत असेल किंवा एका कानाचं अचानकच कमी झालं असेल तर हा लेख सोडा आणि आधी तिकडे जा, अचानक झालं असेल तर त्याच दिवशी. इयरफोनच्या बारीक जाळीवर पण मळ साचतो, जाळी जमिनीकडे करून कोरड्या मऊ टूथब्रशने झटका, म्हणजे निघालेलं आत न पडता खाली पडेल.

इथपर्यंत सगळं ठीक असेल तर मग विंडोज. सेटिंग्जमध्ये सिस्टिम, त्यात साउंड, त्यात व्हॉल्यूम मिक्सर. इथे प्रत्येक अ‍ॅपचा आवाज वेगळा दिसतो आणि कुणीतरी कधीतरी ब्राउझर तीसवर आणून ठेवलेला सापडतो. मग त्याच साउंडच्या पानावर खाली 'मोअर साउंड सेटिंग्ज' उघडा, जुन्या पद्धतीची छोटी खिडकी येईल, खरी गंमत तिथे आहे. तिच्यात 'कम्युनिकेशन्स' नावाचा टॅब आहे आणि तिथे मुळातच असं ठरलेलं असतं की कॉल चालू झाला की बाकीचे आवाज ८० टक्क्यांनी कमी करायचे. मीटिंग मागे चालू राहिली आणि व्हिडिओचा आवाज गेला, याचं कारण बऱ्याचदा हेच. 'डू नथिंग' करून टाका.

दुसरी जागा म्हणजे 'प्लेबॅक' टॅब. तिथे तुमचा हेडफोन निवडून 'कॉन्फिगर' दाबा आणि स्टिरिओ आहे ना बघा. चुकून ५.१ वर, म्हणजे खोलीभर लावायच्या सहा स्पीकरच्या सेटिंगवर, राहिलं असेल तर पिक्चरमधले डायलॉग मधल्या स्पीकरला जातात, आणि हेडफोनला तो स्पीकरच नसतो, म्हणजे गोळीबार कान फाडतो आणि हिरो पुटपुटतो. मग प्रॉपर्टीजमध्ये 'एन्हान्समेंट्स' असेल तर 'लाउडनेस इक्वलायझेशन' टिक करा. ड्रायव्हरप्रमाणे हे दिसतं किंवा दिसत नाही. दिसलं तर लेक्चर, कीर्तन, बातम्या यांच्यासाठी भारी, हळू बोललेलं वर येतं आणि मोठ्याने ओरडलेलं खाली, पण गाणी ऐकताना काढून टाका, सगळं सपाट होतं.

यूट्यूबवर एक बघण्यासारखं आहे. व्हिडिओवर राइट क्लिक करून 'स्टॅट्स फॉर नर्ड्स' उघडा, व्हॉल्यूमच्या ओळीत कंटेंट लाउडनेस म्हणून डेसिबलचा आकडा दिसेल. तो उणे असेल तर व्हिडिओच हळू रेकॉर्ड झालाय, यूट्यूब मोठे व्हिडिओ खाली आणतं पण हळू व्हिडिओ वर नेत नाही. तिथे तुमच्या हेडफोनला दोष देऊन उपयोग नाही.

ब्लूटूथवाल्यांनी हेडफोनवरचं प्लसचं बटण पण दाबून बघा, काही मॉडेलमध्ये त्याचा आवाज आणि विंडोजचा आवाज वेगवेगळा असतो. शिवाय मीटिंग अ‍ॅपने ब्लूटूथचा माइक घेतला की हेडफोन फोन कॉलच्या मोडमध्ये जातो आणि आवाज डबड्यासारखा येतो. अ‍ॅपमध्ये माइक म्हणून लॅपटॉपचा माइक निवडा, सुटलं. उबुंटूवाल्यांना साउंड सेटिंगमध्ये 'ओव्हर अ‍ॅम्प्लिफिकेशन' चालू करून शंभरच्या वर जाता येतं.

आणि आता तो बूस्टर. व्हीएलसीमध्ये आवाज १२५ टक्क्यांपर्यंत जातो, हळू रेकॉर्ड झालेल्या फाइलला तेवढं पुरतं. सगळ्या कंप्युटरला हवं असेल तर इक्वलायझर एपीओ हा फुकट प्रोग्रॅम घ्या आणि त्यातला प्रीअ‍ॅम्प, म्हणजे सगळा आवाज एकत्र वर-खाली करायची पट्टी, २-३ डेसिबलने वाढवून थांबा. ६ ने वाढवलात तर वरचाच हिशोब लावा, जिथे ४० तास मिळत होते तिथे १० उरले. शिवाय आधीच मोठं असलेलं गाणं अजून ताणलं की वरची टोकं कापली जातात आणि खरखर येते, खरखर आली की मागे या. ब्राउझरची ६०० टक्के देतो म्हणणारी एक्स्टेन्शन्स मला आवडत नाहीत, सगळ्या साइट्सवरचा डेटा वाचायची परवानगी मागतात ते वेगळंच. आणि बूस्ट चालू ठेवून मुलांच्या हातात हेडफोन देऊ नका.

एवढं करूनही कमीच असेल तर हेडफोन वाजवायलाच जड असणार, म्हणजे त्याला साध्या जॅकचा जोर पुरत नाही. बॉक्सवर ओहमचा (विजेला होणाऱ्या अडथळ्याचा) आकडा बघा, ३२ च्या आसपासचा हेडफोन कुठेही वाजतो, स्टुडिओवाले २५० ओहमचे मात्र साध्या जॅकवर दबलेले वाटतात. आधी पुढचा आणि मागचा जॅक दोन्ही लावून बघा, मागचा हिरवा पुष्कळदा स्पीकरसाठी असतो. तरी नाही जमलं तर यूएसबी डॅक-अ‍ॅम्प घ्यायचा, म्हणजे यूएसबीला लावायची, हेडफोनला जास्त जोर देणारी छोटी डबी. तो आणायला तापकीर गल्लीत, पुण्याच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, जाणार असाल तर हेडफोन आणि लॅपटॉप बरोबर न्या आणि दुकानातच लावून ऐका, कारण काही स्वस्त यूएसबी साउंड कार्डं कंप्युटरच्या मदरबोर्डवरच्या जॅकपेक्षाही अशक्त निघतात आणि वरच्या स्टिकरवरून काही कळत नाही. अ‍ॅम्प घरी आणल्यावर एपीओचा प्रीअ‍ॅम्प परत शून्यावर न्या, अ‍ॅम्पचा नॉब पूर्ण खाली करा, गाणं चालू करा, आणि मगच हेडफोन डोक्यावर घालून नॉब हळूहळू वर आणा.