गाडी विकली, पण आरसीवर नाव तुमचंच? नोंदणी आणि नंबर प्लेटच्या या चुका टाळा

मी जुनी स्कूटर विकली तेव्हा टीटी फॉर्मवर (गाडी दुसऱ्याच्या नावावर करण्याच्या अर्जांवर) सह्या केल्या, पैसे मोजून घेतले, किल्ली दिली आणि विषय संपला असं धरून चाललो. चार महिन्यांनी मोबाईलवर चलनाचा मेसेज आला. फोटोत माझीच स्कूटर, वर हेल्मेट नसलेला अनोळखी मुलगा. घेणाऱ्याने गाडी नावावर करून घेतलीच नव्हती. माझ्या सह्यांचे कोरे फॉर्म तसेच पुढे करून त्याने ती तिसऱ्याला विकली होती. चलन भरून मी सुटलो. पण त्या मुलाने कुणाला उडवलं असतं तर?

हा प्रश्न नुसत्या भीतीपोटी विचारलेला नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलं आहे की गाडी हातोहात कितीही जणांकडे गेली, तरी नोंदणीत ज्याचं नाव आहे तोच कायद्याने मालक, आणि अपघाताच्या भरपाईची जबाबदारीही त्याच्यावरच येते. म्हणून सगळ्या चुकांमध्ये मी हीच सर्वात मोठी मानतो.

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५० नुसार राज्यातल्या राज्यात विक्री झाली तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आरटीओला कळवायचं असतं (फॉर्म २९) आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत अर्ज करायचा असतो (फॉर्म ३०). आपल्याकडे दोन्ही फॉर्म सह्या करून घेणाऱ्याच्या किंवा एजंटच्या हातात देतात आणि मोकळे होतात. तसं करू नका. फॉर्मवर घेणाऱ्याचं नाव, पत्ता आणि तारीख भरल्याशिवाय सही करू नका. गाडी ताब्यात दिल्याची तारीख आणि वेळ लिहून त्यावर त्याची सही घ्या, ओळखपत्राची प्रत ठेवा. महिन्याभराने परिवहनच्या साईटवर गाडीचा नंबर टाकून मालकाचं नाव बदललं का ते बघा. ‘ओळखीतलाच आहे, कसं विचारायचं’ असा संकोच वाटतो, पण विचारा.

आधीच फसला असाल तर? गाडी कोणाला आणि कधी विकली ते नोंदणी असलेल्या आरटीओला पुराव्यासह लेखी कळवा आणि अर्जाची पोच घ्या. घेणारा सापडत नसेल तर पोलिसांतही लेखी अर्ज द्या. विमाही विसरू नका. तो घेणाऱ्याने १४ दिवसांत आपल्या नावावर करून घ्यायचा असतो.

नावावर करण्याचं काम आता आणखी एका कारणाने अडतं: एचएसआरपी, म्हणजे उच्च सुरक्षा नंबर प्लेट. १ एप्रिल २०१९ पासूनच्या नव्या गाड्यांना ही प्लेट कंपनीकडूनच येते. त्याआधीच्या गाड्यांना महाराष्ट्रात ती बसवून घ्यावी लागते. पहिली मुदत ३१ मार्च २०२५ होती, ती पुढे अनेकदा वाढली. पण मुदतवाढीवर विसंबून राहिलेल्यांची हस्तांतर, पत्ताबदल, आरसीवरचा कर्जाचा बोजा उतरवणं ही कामं प्लेटअभावी अडकली. शुल्क जीएसटी सोडून दुचाकीला ४५०, तीनचाकीला ५०० आणि चारचाकीला ७४५ रुपये ठरलं.

इथे लोक दोन ठिकाणी फसतात. एक म्हणजे हुबेहूब दिसणाऱ्या बनावट साईट. सर्चमध्ये वर आलेली लिंक दाबू नका, परिवहन विभागाच्या संकेतस्थळावरूनच पुढे जा. दुसरं म्हणजे रस्त्याकडेला ‘आयएनडी’ छापून मिळणारी प्लेट. खरी प्लेट हातात घेऊन बघा. वरच्या डाव्या कोपऱ्यात अशोकचक्राचा निळा होलोग्राम, त्याखाली निळ्यात ‘आयएनडी’, आणि डावीकडे खाली लेझरने कोरलेला बारीक अनुक्रमांक. तो अनुक्रमांक तुमच्या गाडीच्या नोंदीशी जोडलेला असतो, नकली प्लेटचं खरं वैगुण्य तिथेच आहे. मागची प्लेट साध्या स्क्रूने बसवली असेल तर बसवणाऱ्याला थांबवा. तिथे स्नॅप लॉक लागतं, जे तोडल्याशिवाय निघत नाही. चारचाकीच्या पुढच्या काचेचा स्टिकरही मागून घ्या: डिझेलला नारिंगी, पेट्रोल-सीएनजीला फिकट निळा.

बुकिंग करताना ‘माहिती जुळत नाही’ असं आलं तर आधी चासी नंबर आरसीवरून एकेक अक्षर ताडून बघा. शून्य आणि ओ यांची गल्लत सर्रास होते. ओटीपी येत नसेल तर नोंदणीतला मोबाईल नंबर जुना असण्याची शक्यता जास्त. तो परिवहनवर आधी बदलून घ्या. प्लेट हरवली किंवा चोरीला गेली तर पोलिसांत तक्रार नोंदवा, मग नवी मागवा.

आणि प्लेटवर ४१४१ वळवून ‘दादा’, २१४ चं ‘राम’? भावना कळते, पण नियमाने अक्षरं रोमन आणि अंक इंग्रजी, ठरलेल्या मापातच हवेत. मराठी अंकांची प्लेटही चालत नाही.

गाडी दुसऱ्या राज्यात नेताना क्रम चुकला की फेऱ्या वाढतात. बारा महिन्यांपेक्षा जास्त काळ गाडी तिथे राहणार असेल तर नवा नंबर घ्यावा लागतो. कर्ज असेल तर आधी बँकेची एनओसी, थकलेली चलनं आणि कर भरून मग आपल्या आरटीओची एनओसी (फॉर्म २८), त्यानंतर तिकडे नोंदणी आणि कर. इथल्या उरलेल्या वर्षांच्या कराचा परतावा शेवटी मागायचा. फॉर्म २८ वर चासी नंबरची पेन्सिलने घासून काढलेली छाप लागते. गंजलेल्या चासीवर ती उमटत नाही, म्हणून घरूनच जागा पुसून, छाप काढून न्या. नोकरीत वारंवार बदली होत असेल तर बीएच मालिकेचा, म्हणजे राज्य बदललं तरी तोच राहणाऱ्या नंबरचा विचार करा. सरकारी, सरकारी बँकांतील आणि संरक्षण दलातील कर्मचाऱ्यांना, तसंच चार किंवा अधिक राज्यांत कार्यालयं असलेल्या खासगी कंपन्यांच्या कर्मचाऱ्यांना ती मिळते. तिथे कर दोन-दोन वर्षांचा भरायचा असतो, ती तारीख चुकवू नका.

खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपायच्या आधीच्या ६० दिवसांत करता येतो.

शेवटची चूक घरोघरी दिसते. वडील गेले, गाडी त्यांच्याच नावावर, आणि मुलगा वर्षानुवर्षं ती चालवतोय. वारसाने ३० दिवसांत आरटीओला कळवलं तर तीन महिने गाडी तशी वापरता येते, आणि त्या तीन महिन्यांतच फॉर्म ३१ भरून ती नावावर करायची असते. दुःखाच्या दिवसांत हे सुचत नाही. घरातल्या जवळच्या कुणीतरी मृत्यूच्या दाखल्याच्या प्रती काढतानाच यासाठी एक प्रत बाजूला ठेवावी.