पीठ आणि धान्य दीर्घकाळ टिकवायचं कसं?

कीड बाहेरून येते असं समजून आपण सगळा भर घट्ट झाकणाच्या डब्यावर देतो. खरं तर बहुतेक वेळा ती धान्याबरोबरच घरात आलेली असते. सोंडकिड्याची मादी दाण्याला भोक पाडून आत अंडं घालते आणि ते भोक बुजवून टाकते, त्यामुळे दाणा वरून धडधाकट दिसतो. कडधान्यावरच्या भुंगेऱ्याची अंडी मात्र दिसतात. मूठभर मूग उजेडात धरून पाहा. सालीला चिकटलेले पांढरे, टाचणीच्या टोकाएवढे ठिपके दिसले, तर ती अंडीच. डब्यात भरणं ही नंतरची गोष्ट. खरं काम त्याच्या आधी करायचं असतं.

आधी ठरवा, काय साठवायचं

बेगमी करायची तर अख्ख्या दाण्याची करा, पिठाची नको. गव्हाच्या अंकुरात तेल असतं. दाणा शाबूत असेपर्यंत ते सुरक्षित राहतं, पण दळल्यावर त्याला हवा लागते आणि ते खवट होऊ लागतं. म्हणून कोंड्यासकटचं पीठ बाहेर ठेवायचं असेल तर १ ते ३ महिन्यांत संपवावं. जास्त दिवस ठेवायचं असेल तर फ्रीझरमध्येच. मैद्यात अंकुर आणि कोंडा नसल्याने तो ६ महिने ते वर्षभर टिकतो. तांदळाचंही तसंच आहे. पॉलिश केलेला पांढरा तांदूळ नीट बंद केला तर अनेक वर्षं राहतो, तर कोंड्यासकटचा साधारण ६ महिने. कडधान्यं भरपूर टिकतात, फक्त जुनी होत जातील तशी शिजायला वेळ घेतात.

ओल तपासा

ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि नंतर बुरशीला तोंड देत बसतात. दाणा दातांखाली धरून चावा. कट्कन फुटला तर वाळलेला, दबला तर ओला. आणखी खात्री हवी असेल तर कोरडी काचेची बाटली एक तृतीयांश धान्याने भरा, त्यात दोन चमचे कोरडं मीठ घाला, झाकण लावून दोन-तीन मिनिटं हलवा आणि थोडा वेळ तशीच ठेवा. मीठ काचेला चिकटलं तर धान्यात १५ टक्क्यांहून जास्त ओल आहे. असं धान्य पसरून वाळवा, पूर्ण गार होऊ द्या आणि मगच पुढे जा. गरम धान्य डब्यात भरलं की झाकणाला आतून पाणी सुटतं.

अंडी मारा

निवडून, चाळून झालं की धान्य किंवा पीठ छोट्या पिशव्यांत घट्ट बंद करून उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये किमान ४ दिवस ठेवा. मोठी पिशवी नको, मधोमध थंडी पोचायला फार वेळ लागतो. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका. खोलीच्या तापमानाला आल्यावरच उघडा, नाहीतर हवेतलं बाष्प गार पिठावर बसेल आणि सगळी मेहनत वाया जाईल. फ्रीझरमध्ये जागा कमी असेल तर निदान कडधान्यं आणि रवा तरी या वाटेने न्या. उन्हात पसरल्याने मोठे किडे पळतात, पण दाण्यातली अंडी मरतीलच असं नाही.

मग डबा

काच किंवा पत्रा उत्तम. साध्या प्लॅस्टिकच्या पिशवीला किडे भोक पाडतात. डबा धुतल्यावर दिवसभर उघडा वाळू द्या, पेचात आणि कडेला अडकलेलं जुनं पीठ आवर्जून काढा. नवा माल तिथूनच नासतो. काठोकाठ भरा, म्हणजे आत हवा कमी राहील. जुन्यावर नवं कधीही ओतू नका.

ऑक्सिजन शोषणाऱ्या पुड्या पांढऱ्या तांदळासाठी चांगल्या, पण माल पूर्ण कोरडा असेल तरच. ओलसर मालात हवा नसली की बोट्युलिझम या अन्नविषबाधेचे जंतू वाढू शकतात, आणि ते जीवघेणं आहे. साखरेत ही पुडी घालू नका, साखरेचा दगड होतो.

जागा आणि देखरेख

गार, कोरडी, अंधारी जागा. शेगडीच्या वरचं फडताळ सगळ्यात वाईट. डबे थेट जमिनीवर किंवा भिंतीला चिकटवून ठेवू नका. बहुतेक धान्यकिडे १५ अंशांखाली वाढत नाहीत, त्यामुळे घरातला सगळ्यात गार कोपरा शोधाच.

डब्यावर भरल्याची तारीख लिहा आणि महिन्यातून एकदा उघडून वास घ्या. खवट किंवा जुन्या रंगासारखा वास आला तर पीठ गेलं. पिठात जाळी धरली असेल तर शेजारचे डबेही तपासा. कुबट वास किंवा बुरशी दिसली तर वरचा थर काढून उरलेलं वापरू नका, सगळं टाका. बुरशीचं विष शिजवून जात नाही.